पाचव्या घाताचं सातवं पद

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. कॉलेजच्या कामाच्या वहीत राग लिहिता येत नाही, आणि घरी बोलून दाखवला तर नवरा म्हणतो, "हे तू मला गेल्या वर्षीही सांगितलंयस." त्याचंही खरं आहे. एकोणतीस वर्षं एकच गोष्ट ऐकणारा माणूस कंटाळणारच. वही कंटाळणार नाही अशी आशा आहे.

तर, विद्यापीठाच्या प्रकाशन विभागातून फोन आला. सरांना एक्याऐंशीवं लागतंय, त्यांच्या 'सारणी'ची नवी आवृत्ती काढायची आहे, समारंभ करायचा आहे, आणि छापण्याआधी त्यातली सगळी पदं संगणकावर तपासून हवी आहेत. प्रकाशन अधिकारी म्हणाले, "मॅडम, ह्या विषयातलं तुमच्याइतकं कोण जाणतं?" मी म्हटलं, "जुन्या आवृत्तीवर माझं नाव शोधून दाखवा, मग बोलू." ते गोंधळले. बिचाऱ्यांचा काय दोष. नाव नाहीच तर सापडणार कुठून.

ही वही कोणी वाचणार नाही, पण शिकवायची खोड जात नाही, म्हणून सारणी म्हणजे काय ते लिहून ठेवते. दोरावर टांगलेलं ओझं झुलतं, त्याचं समीकरण साधं असतं आणि सुटतं. पण क्रेनचा दोर हळूहळू गुंडाळला जात असतो, ओझं लांबवर झुलत असतं, वारा असतो. समीकरण थोडंसं बिघडतं. असं थोडंसं बिघडलेलं अवकल समीकरण नेमकं सुटत नाही, अदमासानं सोडवावं लागतं. बिघाड किती, ती एक लहान राशी धरायची आणि उत्तर तिच्या घातांमध्ये मांडायचं. पहिला घात, दुसरा, तिसरा. प्रत्येक पुढचा घात मागच्याहून बारीक, आणि काढायला मागच्याच्या दहापट अवघड. अशा सगळ्या पदांचा तक्ता म्हणजे सारणी; ओझं कुठवर झुलेल ते क्रेनवाले तिच्यावरून काढतात. सर आणि मी पाचव्या घातापर्यंत गेलो. हातानं, चार वर्षं. तेव्हा मी चोवीस ते अठ्ठावीस वर्षांची होते, म्हणजे ज्या वयात बाकीचे लोक बाकीच्या गोष्टी करतात.

पुस्तकावर नाव एकच, सरांचं. प्रस्तावनेत शेवटून दुसरं वाक्य: "आकडेमोडीत एका विद्यार्थिनीची मदत झाली."

एका विद्यार्थिनीची. कामाला मी हो म्हटलं आहे. का म्हटलं ते विचारू नये.

४ फेब्रुवारी, बुधवार

सारणीची माझी प्रत कपाटातून काढली. कव्हर गेलंय. पानांना हात लावला आणि डोकं तापलं, म्हणून आधी सगळ्या वर्गांचे पेपर तपासून संपवले. मुलांना आज मार्क कमी पडले असतील.

सरांचा एक नियम होता, दोन हातांचा. प्रत्येक पद दोघांनी स्वतंत्र काढायचं, वेगळ्या खोलीत, वेगळ्या वहीत. एकमेकांची वही बघायची नाही, कधीच नाही. शनिवारी सकाळी टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं. मी अंश आणि छेद मोठ्यानं वाचणार, सर त्यांच्या वहीत बघून "हं" म्हणणार. "हं" आलं नाही की त्या पदापुढे लाल ठिपका. कोणाचं चुकलं ह्यावर चर्चा नाही, दोघांनी घरी जाऊन पुन्हा करायचं. चार वर्षांत अकरा ठिपके पडले. दहा वेळा पुढच्या शनिवारी जुळलं. एकदा मात्र मी पुन्हा करूनही माझं तेच आलं, आणि सर म्हणाले, "तुझंच घेऊ. माझं चुकत असणार." असं ते आयुष्यात एकदाच म्हणाले. त्या दिवशी मी घरी चालत गेले, बसमध्ये बसवेना. कोणतं पद होतं ते आता आठवत नाही. सरांच्या शर्टाच्या खिशाला लाल शाईचा डाग पडला होता, तो मात्र आठवतो.

मी पेन्सिल वापरत नसे. एकदम शाईनं लिहायचं, खोडायचं नाही. म्हणून सर मला शाई म्हणत. मुखपृष्ठाच्या कच्च्या छापावर दोन नावं मी ह्या डोळ्यांनी बघितली होती. दोन महिन्यांनी पुस्तक आलं त्यावर एक. त्याच महिन्यात मला कॉलेजात नोकरी लागली. मी सरांना विचारायला गेले नाही. ज्यानं केलं त्यानं सांगावं, मी का विचारू? त्यानंतर समारंभांत भेटलो, तब्येतीचं बोललो, चहा घेतला.

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रोग्राम लिहिते आहे. ह्या कामाची तयार पॅकेजं मिळतात, संगणक विभागातल्या कंसबाई तेच वापर म्हणून मागे लागल्या आहेत. (त्यांना कंसबाई म्हणतात, कारण कोणाचाही प्रोग्राम बघितला की त्या आधी कंस मोजतात.) मी म्हटलं, दुसऱ्यानं बांधलेल्या यंत्रावर माझा विश्वास नाही. त्या म्हणाल्या, "अगं, मग गाडी पण स्वतः बनवतेस का?"

संगणकाला मी आकडे देत नाही, अक्षरं देते. तो अक्षरांचेच गुणाकार-भागाकार करतो, कंस फोडतो, सारखी पदं एकत्र करतो. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवतो, दशांश करून वाट लावत नाही. चार वर्षांचं काम अर्ध्या तासात होतं, हे बघून आनंद व्हायला हवा. मला माझी सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षांतली सकाळ-संध्याकाळ आठवली आणि संताप आला.

अडचण एकच, मधल्या पायऱ्यांत पदं फुगतात. तिसऱ्या घाताला चारशे होती, चौथ्याला सहा हजार. दुपारी पडदा गोठला. मग मी हातानं करताना जे करत असे तेच प्रोग्रामला शिकवलं: सहावा घात किंवा त्याहून बारीक काही दिसलं की तिथल्या तिथे टाकून द्यायचं, पुढच्या पायरीला न्यायचंच नाही. कचरा साठवायचा कशाला? लगेच पळायला लागला.

प्रकाशन अधिकाऱ्यांनी सारणीचा जुना पत्रव्यवहार पाठवला आहे. त्यात क्रेन चालवायला शिकवणाऱ्या एका मास्तरांचं बारा वर्षांपूर्वीचं पत्र आहे. "मोठ्या झोक्याला ओझे सारणीत दिल्यापेक्षा हातभर पुढे जाते. आम्ही मुलांना 'सारणी अधिक एक हात' असे शिकवतो. तरी खुलासा व्हावा." मी मोठ्यानं हसले. हातभर म्हणे. कोणाचा हात? पत्रावर सरांच्या अक्षरात फक्त "पोचले" असं आहे, उत्तर दिलेलं दिसत नाही. ही सरांची जुनी तऱ्हा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तीनशे बारा पदं. तीनशे बाराही सारणीशी जुळली.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला एक तरी चूक हवी होती. एखादं चिन्ह, एखादा छेद. सरांच्या समोर जाऊन ठेवायला काहीतरी. काही नाही. माणूस एवढा अचूक असू नये.

जेवताना नवरा म्हणाला, "तुमच्या दोघांचं काम बरोबर निघालं, आणि तू सुतकात बसल्यासारखी बसलीयस." मी म्हटलं, दोघांचं कुठे, पुस्तक एकाचंच आहे. त्यानं मान खाली घातली आणि ताटाकडे लक्ष दिलं. तो कवळ्या बनवतो, दिवसभर दुसऱ्यांचे दात बघतो, त्यामुळे कधी तोंड मिटायचं ते त्याला कळतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कंसबाई माझ्या खोलीत आल्या, चहा मागवला आणि म्हणाल्या, "मी आगाऊपणा केलाय, आधी ऐकून घे." सारणीचं समीकरण त्यांनी शनिवारी त्यांच्या त्या पॅकेजमध्ये घातलं होतं. तीनशे अकरा पदं जुळली. एक नाही. पाचव्या घाताचं सातवं पद. सारणीत आणि माझ्या प्रोग्राममध्ये सदतीस छेद पंधराशे छत्तीस. त्यांच्या पॅकेजमधून एक्केचाळीस छेद पंधराशे छत्तीस.

मी म्हटलं, "तुमचं पॅकेज चुकलं."

"चुकलं असेल. पण ते माझ्यावर रागावलेलं नाहीये, त्यामुळे त्याला चुकायचं काही कारण नाही."

"सर आणि मी स्वतंत्रपणे काढलेलं पद आहे ते. आणि आता तिसऱ्यांदा माझ्या प्रोग्रामनं काढलं. तीन साक्षीदार आहेत."

कंसबाई चहा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, "तुझा प्रोग्राम तूच लिहिलास ना? मग तो तिसरा कसा?"

मला ह्या बाईचा कधीकधी फार राग येतो. मी त्यांना म्हटलं मला तास आहे. नव्हता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सातवं पद सकाळपासून घेऊन बसले. शेवटी अक्षरं बाजूला ठेवली, समीकरणात थेट आकडे घातले आणि झोका पायरी-पायरीनं मोजून काढला. मोठा झोका, लांब दोर. सदतीस घेतले तर ओझं जिथे यायला हवं तिथे येत नाही. एक्केचाळीस घेतले तर येतं. दोन्हींतला फरक लांबीत काढला. पंचेचाळीस सेंटिमीटर.

मी टेबलावर कोपर ठेवून माझाच हात बोटांपर्यंत मोजला. त्रेचाळीस.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. आणि आता जो राग आलाय तो आधीचे सगळे राग एका जागी जमवले तरी त्याहून मोठा आहे.

सातव्या पदात एका पायरीला भागाकार आहे, आणि तो त्या लहान राशीनंच आहे. लहान राशीच्या सहाव्या घाताला तिनंच भागलं की तो पाचवा घात होतो. म्हणजे जे मी सहावा घात म्हणून आधीच टाकून दिलं, त्यातलं थोडं पुढे पाचव्यात परत येणार होतं. टाकायचं ते भागाकार झाल्यावर. मी टाकलं त्याच्या आधी. कापड पाण्यात आटायच्या आधीच बेतायला घेतल्यासारखं. पहिल्या वर्षाच्या पोरानंही करू नये अशी चूक.

आणि ही सवय मला लावली कोणी? मी काय आईच्या पोटातून शिकून आले होते? सरांच्याच हाताखाली शिकले. त्यांची चूक, त्यांनी मला दिली, मी ती प्रोग्रामला दिली. म्हणून तर तिघांचं जुळलं. नाव ठेवून घेतलं आणि चूक वाटून दिली. शिवाय तेवीस वर्षं मी एम.एस्सी.च्या वर्गात फळ्यासमोर उभी राहून हेच सांगत आले आहे: टाका, लगेच टाका, ओझं पुढे नेऊ नका. वर्षाला वीस मुलं धरली तरी साडेचारशे.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका कवळीचा जबडा जुळवत होता. म्हणाला, "सगळ्या कवळ्या एकाच जागी टोचायला लागल्या तर मी कवळ्या घासत बसत नाही, साचा बघतो."

"तेच म्हणतेय मी. साचा म्हणजे सर."

त्यानं माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तू साचा बघितलायस का?"

नाही बघितला. बघायचा नाही असा नियमच होता ना. आता बघणार. सरांच्या वह्या मागून घेणार, आणि त्यानंतर लेख लिहिणार. ह्या वेळी एकटीच्या नावानं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारच निवडला. सकाळी दहा, पूर्वीसारखा.

दार सरांच्या मुलीनं उघडलं. ती शाळेत भूगोल शिकवते, वडिलांना सांभाळते. म्हणाली, "ताई, बाबा साडेआठपासून दाढी करून बसलेत." सर टेबलाशी होते. टेबल तेच. ऐकू यायचं यंत्र बशीत काढून ठेवलं होतं, मला बघून त्यांनी ते कानात घातलं. किती लहान झालेत. शर्टात अजून एक माणूस मावेल.

"काय शाई, वाळली नाहीस अजून?"

मी हसले नाही. सरळ सांगितलं की सातव्या पदात चूक आहे, एक्केचाळीस हवेत, सदतीस छापलेत.

सरांनी विचारलं, "भागाकाराच्या आधी टाकलंस की नंतर?"

म्हणजे नेमकी जागा ठाऊक होती. एवढी वर्षं ठाऊक होती आणि गप्प बसले. मी म्हटलं, "आधी टाकलं. आधी टाकायचं हे तुम्हीच शिकवलंत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असेल."

एवढंच. "असेल." वाद घालायचीही लाज वाटली असावी. वह्या मागितल्या तर लगेच मुलीला सांगितलं, खालचा कप्पा, सगळ्या दे. मुलीनं पिशवीत भरून दिल्या, वर म्हणाली, "ते ह्या वह्या मला झटकूसुद्धा देत नाहीत." सर दारापर्यंत आले. भिंतीला हात लावत आले. मी नमस्कार केला नाही. पहिल्यांदाच.

२२ फेब्रुवारी, रविवार

सरांची वही क्रमांक नऊ. पाचवा घात, सातवं पद.

ते काहीही टाकत नाहीत. सहावा घात, सातवा, सगळं ओढत नेतात. एकेक ओळ पानाच्या कडेला जाऊन खाली वळते. भागाकार होतो, आणि मग शेवटी एका सरळ रेषेनं नको ते सगळं कापलेलं. एक्केचाळीस. शेजारी लाल ठिपका.

पुढच्या पानावर: "शाई म्हणते ३७. पुन्हा." तीन पानं आकडेमोड. एक्केचाळीस.

त्यापुढे पुन्हा तीन पानं. एक्केचाळीस. खाली बारीक अक्षरात: "तिचेही दुसऱ्यांदा ३७ आले. ती चुकत नाही. माझ्या करण्यात कुठेतरी खोट आहे, दिसत नाही. तिचे घेतले."

मी माळ्यावरून माझी वही काढली. शाईचं अक्षर, एकही खाडाखोड नाही, प्रत्येक पायरीनंतर सहावा घात गायब. मला कोणी शिकवलं नव्हतं. मी स्वतःच सुरू केलं होतं, लवकर होतं म्हणून. सरांनी बघितलं असतं तर एका मिनिटात धरलं असतं. पण एकमेकांची वही बघायची नाही.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात एक कार्बन प्रत होती. छापखान्याला पत्र, पुस्तक यायच्या पाच आठवडे आधीचं.

"मुखपृष्ठावरील दुसरे नाव काढावे. पाचव्या घाताच्या एका पदाबद्दल मला खात्री राहिलेली नाही. पाने छापून झाल्याने बदल शक्य नाही हे जाणतो. त्या व्यक्तीची पुढील महिन्यात मुलाखत आहे. चूक निघालीच तर ती माझ्या एकट्याची असावी."

नवरा दोनदा जेवायला बोलवायला आला. दुसऱ्यांदा न बोलवता शेजारी बसून राहिला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली.

कालपासून मी सरांचे आभार मानायला हवेत असं स्वतःला सांगते आहे. येत नाहीत. राग येतो. पूर्वीच्या रागाला निदान घर होतं. आता तो सगळ्या खोल्यांतून फिरतो. माझ्यावर येतो, सरांवर येतो, त्या दोन हातांच्या नियमावर येतो. मुलाखत माझी होती ना? नाव माझं होतं, चूक माझी होती. मग माझ्याबद्दल सगळं ठरलं ते मला सोडून. मला कोणी विचारलं?

आणि मी तरी कोणाला विचारलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रकाशन अधिकाऱ्यांकडे गेले. शुद्धिपत्र घालावं लागेल, असं म्हटलं. ते खुर्चीत मागे सरकले. "मॅडम, सत्काराच्या पुस्तकात शुद्धिपत्र? लग्नाच्या मंडपात भांडण काढल्यासारखं होईल. गुपचूप सदतीसचे एक्केचाळीस करू. कोणाला कळणार?"

"क्रेनवाल्यांना कळलंय. बारा वर्षांपूर्वीच. ते अजून एक हात वाढवून शिकवत असतील. तुम्ही गुपचूप आकडा बदललात तर ते नव्या आकड्यात पुन्हा हात वाढवतील, आणि ओझं नको तिथे जाईल."

मग ते म्हणाले, सरांची लेखी परवानगी आणा. शुद्धिपत्राच्या कागदावर आणि मुखपृष्ठाच्या छापावर, दोन्हींवर त्यांची सही हवी. दोन्ही कागद घेऊन आले आहे. क्रेनच्या मास्तरांना आजच पत्र टाकलं. तुमचा हात बरोबर होता, असं लिहिलं. बारा वर्षं उशिरा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दहाला पोचले. वह्या परत नेल्या. सर टेबलाच्या त्यांच्या बाजूला, मी माझ्या.

मी वही नऊ उघडून त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी माझी ठेवली. सरांनी माझी वही आयुष्यात पहिल्यांदा बघितली. बोट ठेवत ठेवत खाली आले आणि थांबले, जिथे थांबायला हवं तिथेच. म्हणाले, "अच्छा. हे असं होतं होय."

"तुम्हाला जागा ठाऊक होती."

"पुढे कळली. पाच-सहा वर्षांनी. माझं बरोबर होतं एवढं कळलं, म्हणजे तुझं कुठे गेलं असेल ते ताडलं."

"मग शुद्धिपत्र का नाही काढलं?"

"लोक विचारतील, कोणाच्या हातचं पद. मला खोटं सांगता आलं नसतं." मग म्हणाले, "आणि भ्यायलो. सारणी तोवर सगळीकडे गेली होती."

"क्रेनवाल्यांचं पत्र आलं तेव्हा?"

"तेव्हाही भ्यायलो."

मुलगी चहा ठेवून गेली, दोघांनीही कपाला हात लावला नाही. मी घरून ठरवून आले होते की आवाज चढवायचा नाही. चढला. त्यांना ऐकू येत नाही हे निमित्त झालं.

मी म्हटलं, "सर, नाव काढलंत त्याचं कारण आता कळलं. त्याचा राग मी एकोणतीस वर्षं केला, तो फुकट गेला, जाऊ दे. पण तुम्ही माझी चूकही घेऊन गेलात. ती मला मिळाली असती तर मी तेव्हाच सुधारले असते. मी ती साडेचारशे मुलांना शिकवली. पुन्हा प्रोग्राममध्ये लिहिली. माझी चूक होती ती. तुम्ही कोण ठेवून घेणारे?"

सर टेबलाकडे बघत होते. मला वाटलं ह्यांच्या कानातलं यंत्र बंद आहे. मग म्हणाले, "तू रडशील असं वाटलं होतं तेव्हा."

"रडले असते. मग पुन्हा करून दाखवलं असतं."

"हो," सर म्हणाले. "तसंच केलं असतंस." आणि मग त्यांनी जे विचारलं ते त्यांनी मला चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. "आता काय करू या, तू सांग."

मी दोन्ही कागद पुढे सरकवले. मुखपृष्ठाच्या छापावर त्यांच्या नावाखाली मोकळी जागा होती. शुद्धिपत्राच्या कागदावर पान, पद आणि दोन आकडे लिहिलेले होते, खाली मोकळी जागा. मी म्हटलं, "नाव दोन्हीकडे येईल. एकीकडे नसेल तर दुसरीकडेही नको."

"शुद्धिपत्रावर माझंही घाल. माझं बरोबर आलेलं असताना मी ते सोडलं, ती चूक माझी."

"ती तुमची तुम्ही लिहा. माझी मी लिहीन."

त्यांनी दोन्हींवर सही केली, वेळ लागला. शुद्धिपत्राखाली एक ओळ लिहिली: "बरोबर उत्तर हाती असून मी ते सोडले, आणि चूक कळल्यावर कळवली नाही." मग पेन माझ्याकडे दिलं. मी मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. शुद्धिपत्रावर त्यांच्या ओळीखाली लिहिलं: "सहावा घात भागाकाराआधी टाकला गेला. ही चूक माझी." आणि खाली पुन्हा तेच नाव.

राग गेला असं नाही. येताना बसमध्येही होता, आत्ताही आहे. पण सोमवारी वर्गात जाऊन काय सांगायचं ते ठरलं आहे, आणि जुन्या मुलांपैकी ज्यांचे पत्ते आहेत त्यांनाही कळवणार आहे.

निघायच्या आधी मी शुद्धिपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, पूर्वीसारखं. पान एकशे चौदा, पाचवा घात, सातवं पद, अंश एक्केचाळीस, छेद पंधराशे छत्तीस. सरांनी त्यांच्या वहीत बघितलं, पदापुढच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "हं."